आईचा मायलोमा पुन्हा उलटला आहे. नव्या अँटिबॉडीच्या चाचणीत तिचे नाव द्यावे का?

मुठाकाठ

आम्ही कर्वेनगरला राहतो. माझ्या आईला, वय ६३, मल्टिपल मायलोमा म्हणजे अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग आहे. पाठदुखीचे निमित्त होऊन मणका दबल्याचे एक्स-रेमध्ये दिसले आणि पुढच्या तपासण्यांत निदान पक्के झाले. बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड आणि डेक्सामेथासोन यांचे उपचार, मग स्वतःच्याच मूलपेशींचे प्रत्यारोपण, त्यानंतर गोळीवर बरी गेलेली काही वर्षे, आजार उलटल्यावर डाराटुमुमॅब या अँटिबॉडीची इंजेक्शने, आणि आता एम-प्रोटीन (मायलोमाच्या पेशी बनवतात ते प्रथिन) पुन्हा चढू लागले आहे, असा आजवरचा क्रम आहे.

आमच्या रक्तविकारतज्ज्ञांनी दोन वाटा सांगितल्या आहेत. पहिली म्हणजे कार्फिलझोमिब किंवा पोमालिडोमाइड यांवर आधारलेले नेहमीचे उपचार. दुसरी म्हणजे त्यांच्याच रुग्णालयात सुरू असलेली एका नव्या बायस्पेसिफिक (एकाच वेळी दोन खुणांना चिकटणाऱ्या) अँटिबॉडीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी. तिच्यात निम्म्या रुग्णांना नवे औषध मिळते आणि निम्म्यांना वर लिहिलेले नेहमीचे उपचार, आणि कोणाच्या वाट्याला काय येणार हे संगणक ठरवतो. मराठी माहितीपत्रकाचे जाडजूड बाड आमच्या हाती देऊन, विचार करून पुढच्या भेटीत सांगा, असे ते म्हणाले.

वडिलांचा याला ठाम विरोध आहे. आपल्या माणसावर कोणाला प्रयोग करू द्यायचे नाहीत, हे त्यांचे एकच वाक्य आहे. माझी धाकटी बहीण उलट म्हणते की, नवे औषध फुकट मिळत असेल तर दार आपण होऊन का लावून घ्यायचे. मला दोघांचेही पटते आणि म्हणूनच काही ठरत नाही. या औषधांचा आजवरचा अनुभव काय आहे, काही बरेवाईट झाले तर जबाबदारी कोणाची, आणि संगणकाने आईला नेहमीच्या उपचारांच्या गटात टाकले तर तिचे नुकसान होईल का, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

आणखी एक गोष्ट लिहायला हवी. आजार उलटल्याचे आम्ही आईला अजून स्पष्ट सांगितलेले नाही. रिपोर्ट थोडे वरखाली आहेत, एवढेच तिला ठाऊक आहे. ती फार लवकर खचते. संमतीपत्रावर तिच्या वतीने मी किंवा वडिलांनी सही केली तर चालते का?

जुना सदाशिवपेठी

तुमच्या वडिलांची भीती निराधार नाही, हे आधी नोंदवतो. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात टीजीएन १४१२ नावाची अँटिबॉडी प्रथमच माणसांना देण्यात आली. सहा निरोगी तरुणांना ती काही मिनिटांच्या अंतराने एकामागोमाग एक दिली गेली, आणि बघता बघता सहाही जणांचे अवयव निकामी होऊ लागून त्यांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. सगळे वाचले, पण एकाला हातापायांची बोटे गमवावी लागली. आपल्याकडे इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाला या चाचण्यांतील गैरप्रकारांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. न्यायालयाने सरकारची कानउघाडणी केली तेव्हा कुठे, २०१३ पासून, नियमांना धार आली.

२०२० मध्ये कोविशिल्डच्या चाचणीसाठी पुण्यातले लोक आपण होऊन भारती रुग्णालयात गेले, त्याचे कौतुक मलाही आहे. पण ते धडधाकट होते, आणि नाही म्हणाले असते तरी त्यांचे काही अडत नव्हते. थकलेल्या रुग्णाकडून होकार मिळवणे सोपे असते, आणि विचारणारा त्याचाच डॉक्टर असेल तर आणखी सोपे असते. एका रुग्णामागे कंपनी रुग्णालयाला किती पैसे देते, हे विचारायला अजिबात लाजू नका.

निवृत्त वैद्य

मी रक्तविकारांच्या विभागात बरीच वर्षे काम केले आहे. आता रुग्ण पाहत नाही आणि कोणत्याही चाचणीशी माझा संबंध नाही. सदाशिवपेठी यांनी दिलेला लंडनचा दाखला योग्य आहे, आणि त्याचा तुमच्या प्रश्नाशी संबंध वरवर दिसतो त्याहून जवळचा आहे. टीजीएन १४१२ टी-पेशींना, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींच्या एका प्रकाराला, थेट चेतवत असे. तुमच्या आईसाठी सुचवलेली अँटिबॉडीही टी-पेशींनाच कामाला लावते. फरक असा की, हिचे एक टोक टी-पेशीवरील सीडी३ या खुणेला धरते आणि दुसरे मायलोमाच्या पेशीवरील खुणेला, बहुधा बीसीएमएला. त्यामुळे दोन्ही पेशी एकमेकींना भिडतात तिथेच टी-पेशी प्रामुख्याने चेतते. लंडनच्या घटनेनंतर पहिल्या माणसाला एकट्याने औषध देऊन थांबायचे आणि मगच पुढच्याकडे वळायचे, तसेच सुरुवातीचा डोस प्राण्यांना किती सोसला यावरून न ठरवता कमीत कमी किती मात्रेने शरीरात काही घडू लागते यावरून ठरवायचा, हा परिपाठ पडला. आज डोस पायऱ्यापायऱ्यांनी वाढवतात त्यामागेही टी-पेशी एकदम उसळू नयेत हाच हेतू आहे.

रक्ताच्या कर्करोगांसाठी या जातीचे पहिले मान्यताप्राप्त औषध ब्लिनाटुमोमॅब. अमेरिकेत डिसेंबर २०१४ मध्ये ते उलटलेल्या बी-पेशींच्या तीव्र ल्युकेमियासाठी आले. ते रक्तात इतका थोडा वेळ टिकते की छोट्या पंपातून २८ दिवस अखंड द्यावे लागते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टॉवर चाचणीत ४०५ रुग्ण होते. नेहमीची केमो घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ४ महिने होते, ब्लिनाटुमोमॅब घेणाऱ्यांचे ७.७ महिने. आकडा लहान वाटेल, पण ज्या आजारात केमोपुढे फारसे काही उरत नव्हते तिथे तो मोठाच होता.

मायलोमात टेक्लिस्टामॅबचे आकडे तुम्हाला जास्त उपयोगी पडतील. २०२२ मध्ये युरोप आणि अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती मॅजेस्टेक-१ या चाचणीच्या आधारावर. तिच्यातल्या १६५ रुग्णांपैकी बहुतेकांचे अनेक उपचार होऊन गेले होते. ६३ टक्के रुग्णांमध्ये आजार ठळकपणे मागे हटला, आणि तो पुन्हा वाढू लागण्यापूर्वीचा मध्यक काळ ११.३ महिने होता. म्हणजे उपयोग खरा, पण आजार मुळासकट गेला असे नव्हे. ७२ टक्के रुग्णांना सायटोकाइन रिलीज सिंड्रोम झाला, म्हणजे ताप, थंडी, कधी रक्तदाब उतरणे. त्यातला जवळजवळ सगळा सौम्य होता आणि बहुतेक पहिल्या दोन-तीन डोसांतच आटोपला. लोक याच्याच धास्तीत असतात. मी मात्र जंतुसंसर्गाला जास्त भितो, कारण तो तीन चतुर्थांशांहून अधिक रुग्णांना झाला आणि त्यातले बरेच संसर्ग गंभीर होते. चाचणी कोविडच्या काळात झाली हे खरे. पण मायलोमाच्या पेशींबरोबर चांगल्या प्लाझ्मा पेशीही मारल्या जातात, इम्युनोग्लोब्युलिन हे संसर्गाशी लढणारे प्रथिन तळाला जाते, आणि हा धोका महिनोन्महिने चालू राहतो. म्हणून इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देण्याची सोय या चाचणीत आहे का, आणि त्याचा खर्च कोण करणार, हे आवर्जून विचारा.

आता टप्प्यांविषयी. पहिल्या टप्प्याचा प्रश्न असतो की किती मात्रा सोसते. दुसऱ्याचा, की आजार हटतो का. तिसऱ्याचा, की आज जे हातात आहे त्यापेक्षा हे खरोखर सरस आहे का. तिसरा टप्पा नुसती औपचारिकता म्हणून उरकायचा नसतो, याचे उत्तम उदाहरण जेमटुझुमॅब ओझोगॅमायसिन आहे. मायलॉइड ल्युकेमियावरचे हे औषध २००० साली प्राथमिक निष्कर्षांच्या बळावर अमेरिकेत मंजूर झाले. पुढे मोठ्या तुलनात्मक चाचणीत केमोच्या जोडीने दिल्यावर फायदा दिसेना आणि सुरुवातीचे मृत्यू मात्र वाढले, म्हणून २०१० मध्ये कंपनीने ते मागे घेतले. मग इतर अभ्यासांत कमी मात्रा विभागून दिल्यावर उपयोग दिसला आणि २०१७ मध्ये ते परत आले. औषध तेच होते. आधीची मात्रा चुकीची होती, आणि ते कळायला तुलना करावी लागली. अलीकडचे मॅग्रोलिमॅब मात्र परतले नाही. सीडी४७ या खुणेवरच्या या अँटिबॉडीविषयी सुरुवातीला मोठी आशा होती. तिसऱ्या टप्प्यात फायदा तर दिसला नाहीच, मृत्यूचा धोका वाढलेला दिसला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये गिलियड कंपनीने रक्ताच्या कर्करोगांवरचे तिचे काम थांबवले. त्या चाचणीत संगणकाने ज्यांना जुन्या उपचारांकडे पाठवले ते रुग्ण सुरुवातीला कोणालाही दुर्दैवी वाटले असते. प्रत्यक्षात नशीब त्यांच्या बाजूने होते.

म्हणून जुना गट म्हणजे उपेक्षितांचा गट, ही समजूत सोडा. तुमच्या बाबतीत त्या गटात मिळणारी औषधे म्हणजे चाचणी नसती तर डॉक्टरांनी दिलीच असती ती औषधे आहेत. माझा कल विचाराल तर आईचे मूत्रपिंड ठीक असेल, घरात सोबतीला कोणीतरी कायम असेल आणि ती स्वतः राजी असेल, तर मी चाचणीच्या बाजूने आहे. एक प्रश्न मात्र आधी विचारून घ्या: ही अँटिबॉडी नेमक्या कोणत्या खुणेवर आहे? बीसीएमएवर असेल, तर पुढे त्याच खुणेवरची कार-टी (रुग्णाच्याच टी-पेशी बदलून परत देण्याचा उपचार) किंवा दुसरी चाचणी घ्यायची वेळ आली तेव्हा आधीच्या उपचारामुळे दार बंद होऊ शकते. पत्ते कोणत्या क्रमाने टाकायचे याला मायलोमात फार महत्त्व आहे.

समन्वयक, डेक्कन

मी पुण्यातल्या एका रुग्णालयात चाचण्यांच्या समन्वयाचे काम करते. तुमची चाचणी आमच्याकडची आहे की नाही हे मला ठाऊक नाही आणि ते विचारतही नाही.

सहीचा प्रश्न आधी घेते, कारण बाकी सगळे त्यावर अवलंबून आहे. आई शुद्धीवर आहेत, त्यांना वाचता-समजता येते, तर सही त्यांचीच. कायदेशीर प्रतिनिधीची सही फक्त रुग्ण स्वतः संमती देण्याच्या स्थितीत नसेल तेव्हाच चालते. तो खचेल अशी घरच्यांना भीती वाटते, हे कारण त्यात बसत नाही. माहितीपत्रकाच्या सुरुवातीलाच तुमचा आजार उलटला आहे अशा अर्थाचे वाक्य असणार, आणि ते वाक्य त्यांच्यासमोर वाचले जाणार. म्हणजे चाचणीचा विचार करायचा तर आईला आधी सांगावे लागेल, आणि ते आमच्या खोलीत एखाद्या अनोळखी माणसाच्या तोंडून कळण्यापेक्षा घरी कळलेले केव्हाही बरे. हे वरचेवर पाहण्यात येते: मुलगा दाराबाहेर गाठून हळूच सांगतो की, आईला कॅन्सर हा शब्द सांगू नका, आणि आत गेल्यावर आईच विचारतात की, माझा कॅन्सर परत आलाय हे मुलांना झेपेल का. रुग्णाला बहुतेक वेळा अंदाज असतो. शिवाय या औषधावर असताना ताप आला, बोलताना शब्द सापडेनासे झाले, तर ते लपवून न ठेवता ताबडतोब सांगायचे असते, आणि आपल्याला काय दिले जात आहे हे ज्याला माहीत नाही तो रुग्ण ते सांगणार कसे?

संमतीपत्रात पत्ता, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसदाराचे नाव असे रकाने असतात. वारसाचा रकाना पाहून अनेकांचा चेहरा पडतो. तो २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांनी घालून दिलेल्या नमुन्यातला आहे, तुमच्या आईच्या प्रकृतीवरचे भाष्य नाही. सही केलेली प्रत आणि माहितीपत्रक तुमच्याकडे राहिले पाहिजे. दिले नाही तर मागा.

जबाबदारीविषयी नियम असे आहेत. चाचणीत सहभागी व्यक्तीला इजा झाली तर तिचा वैद्यकीय उपचार मोफत करावा लागतो, गरज असेपर्यंत किंवा ती इजा चाचणीमुळे झालेली नाही असे सिद्ध होईपर्यंत, यातले जे आधी घडेल तोवर. गंभीर घटना घडल्यास मुख्य संशोधकाने ती २४ तासांच्या आत कळवायची असते. इजा किंवा मृत्यू चाचणीमुळे झाल्याचे ठरले तर प्रायोजकाने, म्हणजे सहसा औषध कंपनीने, भरपाई द्यायची आणि तिचे सूत्र ठरलेले आहे: ८ लाख ही मूळ रक्कम, तिला वयाचा आणि जोखमीचा गुणांक. वय ६५ किंवा त्याहून अधिक असलेल्या व्यक्तीच्या मृत्यूसाठी ती साधारण ४ ते ३२ लाखांच्या दरम्यान येते. यात कटू भाग असा की, निरोगी स्वयंसेवकाचा गुणांक ४ असतो आणि ज्याचे आयुष्य सहा महिन्यांपेक्षा जास्त अपेक्षित नाही त्याचा ०.५. मला हे कधी पटलेले नाही, पण नियम तसा आहे आणि तो आधी माहीत असावा. आजारच वाढून मृत्यू आला तर सर्वसाधारणपणे भरपाई नसते. वडिलांना हा भाग नीट समजावून सांगा, म्हणजे नंतर गैरसमज राहणार नाहीत.

सदाशिवपेठी यांच्या सूचनेला माझा पाठिंबा आहे. प्रायोजक आणि रुग्णालय यांच्यात पैशांचा करार असतो आणि तो नैतिकता समितीपुढे ठेवावा लागतो. या समितीत किमान सात सदस्य असतात. अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो, आणि डॉक्टरांखेरीज कायद्याचा जाणकार व एक सामान्य नागरिकही असावा लागतो. समितीच्या सचिवांचा संपर्क माहितीपत्रकात दिलेला असतो. तो शोभेसाठी नसतो, पण फार थोडे लोक वापरतात. चाचणीची सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदणीत नोंद आहे का, तेही पाहून घ्या. २००९ पासून ती नोंद सक्तीची आहे. तिथे टप्पा, निकष, रुग्णालयांची नावे आणि समितीची मंजुरी हे सारे कोणालाही पाहता येते.

खर्चाचे म्हणाल तर चाचणीचे औषध आणि चाचणीसाठीच्या तपासण्या प्रायोजकाकडे असतात आणि येण्याजाण्याचा खर्च सहसा मिळतो. धूसर जागा असते ती नेहमीच्या उपचारांच्या गटातल्या औषधांची. काही चाचण्यांत ती औषधे प्रायोजक देतो, काहींत नाही. तुमच्या माहितीपत्रकात ते स्पष्ट लिहिलेले नसेल तर लेखी उत्तर मागा, कारण कार्फिलझोमिब देशी कंपनीचे घेतले तरी खर्च महिन्यागणिक चालू राहतो. तसेच, चाचणी संपल्यावर औषधाचा फायदा होत असेल तर पुढे काय, हेही विचारा. संशोधकाने शिफारस केली, पर्यायी उपचार नसला, नैतिकता समितीने मान्यता दिली आणि रुग्णाने लेखी संमती दिली, तर प्रायोजकाने ते औषध पुढेही मोफत द्यावे अशी तरतूद नियमांत आहे; मात्र त्या काळातल्या परिणामांची जबाबदारी प्रायोजकावर नसते.

शेवटी, होकार दिला म्हणजे प्रवेश मिळाला असे समजू नका. आधी निवड-तपासणी असते: बोन मॅरो पुन्हा, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, मूत्रपिंड, हृदय, हिपॅटायटिस बी, बहुतेक ठिकाणी क्षयाचीही तपासणी, आणि आधीच्या औषधानंतर ठरावीक खंड. एवढे होऊन एखादा आकडा निकषाच्या किंचित खाली आला म्हणून नकार येतो, तेव्हा कुटुंबे फार निराश होतात. तेवढी तयारी ठेवा.

पर्वतीपायथा

माझे वडील उलटलेल्या लिम्फोमासाठी अशाच एका चाचणीत होते. औषध वेगळे, सीडी२० या खुणेवरचे, पण बाकी सगळा प्रकार हाच. नियमांचे वर आलेच आहे, मी फक्त रोजचे व्यवहार लिहितो.

पहिल्या डोसांच्या वेळी रुग्णालयात राहावे लागले. ताप संध्याकाळीच चढला, अगदी सांगितल्यासारखा, आणि टोसिलिझुमॅब दिल्यावर रात्रीतून उतरला. आधी सांगून ठेवलेले असल्यामुळे आम्ही घाबरलो नाही. मेंदूवरच्या परिणामासाठी रोज सकाळ-संध्याकाळ एक छोटी परीक्षा घेत: साल कोणते, महिना कोणता, गाव कोणते, तीन वस्तूंची नावे, शंभरपासून दहा-दहाने उलटे मोजा, आणि एक वाक्य लिहून दाखवा. वडील महापालिकेत कारकून होते, अक्षर मोत्यासारखे. ते रोज एकच वाक्य लिहीत, आज पर्वतीवर गर्दी असेल. एका संध्याकाळी त्यांनी तेच वाक्य लिहिले, प्रश्नांची उत्तरेही बरोबर दिली, पण शब्दांवरच्या शिरोरेषा तुटक झाल्या होत्या आणि एक शब्द तर रेषेवाचूनच राहिला होता. परिचारिका केरळची होती आणि मनापासून काम करणारी होती, पण देवनागरीतला हा फरक तिला कसा कळावा? आईने वही पुढे करून दोन दिवसांची पाने शेजारी शेजारी दाखवली. डॉक्टरांनी लगेच डेक्सामेथासोन सुरू केले आणि दुसऱ्या दिवशी रेषा पुन्हा सलग आली. तुमच्या आईंनी पहिल्या डोसाच्या आधीच नेहमीच्या हस्ताक्षरात एक वाक्य लिहून ठेवावे, आणि घरचे मराठी वाचणारे कोणीतरी त्या दिवसांत खाटेजवळ असावे, एवढे आग्रहाने सांगतो.

घरी सोडल्यावरही पहिले काही दिवस रुग्णालयापासून थोड्या वेळात पोहोचता येईल इतक्या अंतरावर राहा असे सांगितले होते. कर्वेनगरहून तुम्हाला कदाचित अडचण येणार नाही. पण भेटींच्या तारखा हाती आल्या की त्या पंचांगासमोर धरून पाहा. आमची एक भेट नेमकी अनंत चतुर्दशीला आली होती. मध्यवस्तीतले रस्ते बंद, रिक्षा मिळेना. सुदैवाने भेट एक-दोन दिवस मागेपुढे करण्याची मुभा चाचणीच्या नियमांत असते, हे आम्हाला समन्वयकांनी सांगितले.

मंगल कार्यालये, सत्यनारायण, बारशी, सगळे बंद करावे लागले, आणि नातेवाइकांचा राग ओढवून घ्यावा लागला. संसर्ग टाळण्यासाठी को-ट्रायमोक्साझोल आणि असायक्लोव्हिरच्या गोळ्या शेवटपर्यंत चालू होत्या. पेट स्कॅन स्वच्छ आला आणि वडील पुन्हा सकाळी पर्वती चढू लागले. पुढे आजार परत आला आणि त्यातच ते गेले. चाचणीत जाण्याचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता, आणि त्याविषयी त्यांनी एकदाही खंत केली नाही.

मुठाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री वडील, बहीण आणि मी असे तिघांनी बसून आईला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली की, डाराटुमुमॅब बंद झाले तेव्हाच तिला कळले होते, कारण इंजेक्शन बंद केल्याचा आनंद आमच्यापैकी एकाच्याही चेहऱ्यावर नव्हता. मग तिने माहितीपत्रक मागून घेतले आणि आज दुपारपर्यंत पेन्सिलीने खुणा करत वाचून काढले. वडील अजून राजी नाहीत, पण भरपाईचे सूत्र त्यांनी स्वतः दोनदा वाचले आणि डॉक्टरांना भेटायला येतो म्हणाले आहेत.

आईची शंका अशी: संगणकाने जुन्या उपचारांच्या गटात टाकले तर तिला तिथल्या तिथे चाचणी सोडता येईल का? दुसरी अडचण तातडीची आहे. हिमोग्लोबिन ७.४ आले आहे, निवड-तपासणीआधी एक पिशवी रक्त द्यायचे ठरले आहे, आणि रक्तपेढीतून निरोप आला की क्रॉसमॅच (पिशवीतले रक्त आईच्या रक्ताशी जुळते का ही तपासणी) जुळत नाही, वेळ लागेल. याचा आजार वाढण्याशी संबंध आहे का?

समन्वयक, डेक्कन

चाचणी कोणत्याही क्षणी, कारण न देता सोडता येते, आणि त्यामुळे रुग्णालयातल्या पुढच्या उपचारांत फरक पडता कामा नये. पण जुना गट मिळाला तर निघून जायचे हे आधीच ठरलेले असेल, तर मुळात नाव न देणे प्रामाणिक ठरेल. अशा गळतीने तुलनाच लंगडी पडते. त्याऐवजी माहितीपत्रकात एवढे शोधा की, जुन्या गटात आजार वाढल्यास नवे औषध घेण्याची मुभा आहे का. काही चाचण्यांत ती असते. आईंनी पेन्सिलीने केलेल्या खुणा घेऊनच भेटीला या. संशोधकाला त्या एकेक करून सोडवायला लावा.

निवृत्त वैद्य

क्रॉसमॅचचा आजाराच्या वाढीशी संबंध बहुधा नाही. डाराटुमुमॅब सीडी३८ ला चिकटते, आणि ही खूण तांबड्या पेशींवरही थोडी असते. त्यामुळे रक्तपेढीच्या चाचणीत जवळजवळ प्रत्येक पिशवी न जुळणारी दिसते. शेवटच्या डोसानंतर सहा महिन्यांपर्यंत हे होऊ शकते. ए, बी, ओ आणि आरएच गट ओळखण्यात अडचण येत नाही. चाचणीतल्या पेशींवर डीटीटी या रसायनाची प्रक्रिया करून पेढीला यातून मार्ग काढता येतो, पण त्यासाठी त्यांना कारण माहीत असायला हवे. आजच्या आज रक्तपेढीत जाऊन मागणीपत्रावर डाराटुमुमॅब आणि त्याच्या शेवटच्या डोसाची तारीख लिहून द्या, आईच्या जुन्या फाइलमध्ये उपचारापूर्वीचा अँटिबॉडी स्क्रीन असेल तर त्याची प्रत जोडा, आणि निवड-तपासणीच्या वेळी हीच गोष्ट चाचणीच्या डॉक्टरांनाही सांगा, कारण हे औषध एम-प्रोटीनच्या तपासणीतही छोटीशी पट्टी दाखवू शकते आणि ती आईच्या आजाराची समजली जाता कामा नये.